ताई, आमच्या मुलांना वाचक मिळवून दिल्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेच्या नावे शाळेचं आभारपत्र जावक क्रमांक टाकून, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी रीतसर गेलं आहे. ‘आपण राबवलेल्या लेखन कार्यशाळांबद्दल शाळा आपली ऋणी आहे’ असं त्यात आहे आणि ते खरंच आहे. पण तुम्ही नेमकं काय केलंत, ते त्या एका ओळीतून कुणालाच कळणार नाही. म्हणून हे दुसरं पत्र, तेही सगळ्यांना वाचता यावं असं. बीडमधल्या बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात माझ्यासारखे पुष्कळ शिक्षक आहेत, त्यांच्यापर्यंत ते पोचावं असं मनापासून वाटतं.

दिवाळी झाली की आमच्या गावाचं काय होतं, ते तुम्ही पाहिलंत. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, की परत. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, काही आजीआजोबांपाशी राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. शाळेत येणारे बहुतेक उपक्रम जून ते दिवाळीच्या दरम्यान होतात, पट भरलेला असतो तेव्हा. तुम्ही पहिल्या भेटीतच विचारलंत की वर्ग सगळ्यात रिकामा कधी असतो, आणि मग त्याच महिन्यांत आलात. त्याबद्दलचे आभार सगळ्यात आधी.

आता जे सांगायचं आहे ते. आमच्याकडे मुलं लिहितात, असं कागदोपत्री म्हणता येतं. ‘माझी आई’ लिहितात, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहितात, ‘मी फुलपाखरू झालो तर’ लिहितात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’मध्ये दर वर्षी हिरवे गालिचे पसरतात आणि इंद्रधनुष्य निघतं, कारण गाइडमध्ये तसंच छापलेलं असतं. पाठ करायचं आणि उतरवायचं. स्पर्धेत बक्षीसही त्यालाच मिळतं. ‘असर’ ही देशभर गावोगावी होणारी शैक्षणिक पाहणी २००५ पासून मुलांना वाचता येतं का, गणितं येतात का हे तपासते. त्यातून शाळांना हलवून जागं केलं गेलं, हे चांगलंच झालं. पण मुलाला स्वतःच्या मनातलं कागदावर मांडता येतं का, हे कुठल्या तक्त्यात भरायचं? त्यासाठी रकानाच नाही. ज्याला रकाना नाही ते शाळेत मागे पडतं, हे कुणीही शिक्षक सांगेल.

तुम्ही पहिल्या दिवशी विषय दिलाच नाहीत. मुलांना गोल बसवलंत आणि म्हणालात, तुम्हाला येतं आणि मला येत नाही असं काहीतरी मला शिकवा. मी तेव्हा मागे उभा होतो. वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही, कारण बाहेरून आलेल्या बाईंना एखादी गोष्ट येत नसेल हे मुलांना पटेना. मग एकाने हात वर केला आणि सीताफळ कधी तोडायचं ते सांगितलं. डोळे उघडले की तोडायचं, त्याच्या आधी तोडलं तर अढीत घातलं तरी दगडासारखं राहतं. तुम्ही विचारलंत, डोळे उघडले म्हणजे काय दिसतं? त्याला ते बोलून सांगता येईना, म्हणून त्याने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. त्या तासाला उसाची मोळी वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, कशी आवळायची, शेळी व्यायला आली हे कसं ओळखायचं, कोंबडीला खुडूक का म्हणतात, अशा विषयांवर कागद भरले. सगळं आपापल्या बोलीत. लई, गेल्ती, म्हनली. तुम्ही एकाही शब्दाखाली रेघ ओढली नाहीत.

तुम्ही त्या कागदांचं काय केलंत ते इतर शिक्षकांनी नीट वाचावं. तुम्ही शेरा लिहिला नाहीत, गुण दिले नाहीत. प्रत्येक कागदाखाली पेन्सिलने एखाददुसरा प्रश्न लिहून तो मुलाला परत दिलात. तेही खराखुरा प्रश्न, वाचताना तुम्हाला पडलेला. चौथीतला एक मुलगा मागच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर होता. दोन ओळींच्या वर त्याचं कधी काही जात नसे. त्याने लिहिलं होतं की रात्री ट्रक भरतात, पप्पा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढतात, ट्रॅक्टरच्या लाईटीत दिसतं. बस एवढंच. तुम्ही खाली लिहिलंत, ‘तू कुठे होतास?’ दुसऱ्या दिवशी त्याने पान भरून आणलं. तो वाढ्यांच्या ढिगावर बसला होता, मांडीवर लहान बहीण. ती झोपली की पाय हलवायचा नाही, नाहीतर उठते आणि आईला मोळी टाकून यावं लागतं. पायाला मुंग्या आल्या तरी हलवायचा नाही. ट्रक किती भरला ते तो पप्पांच्या फेऱ्यांवरून मोजत होता, कारण ट्रक भरला की बहिणीला आई घेणार. ताई, हे पान मी शिक्षक-खोलीत वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातले जे सहकारी असल्या उपक्रमांपासून लांब राहतात, त्यांनी ते मागून घेऊन पुन्हा वाचलं.

आणि तरीही तुम्ही मुलांना दुःखच लिहा असं कधी सुचवलं नाहीत. याचं मोल फार मोठं आहे. ऊसतोड कामगारांची मुलं म्हटलं की येणारा-जाणारा त्यांना एकच विचारतो, हाल कसे होतात ते सांग. मुलांनाही ते ठाऊक झालंय, आणि समोरच्याला काय हवंय ते ती बरोबर देतात. तुमच्या वर्गात भुताच्या गोष्टी आल्या, क्रिकेटची मॅच आली, एका वहीत तर नुसती कुत्र्यांची नावं आणि त्यांचे स्वभाव आले. सहावीतल्या एकाने लिहिलेली गोष्ट अजून शाळेत सगळ्यांच्या तोंडी आहे. ऊस तोडणारं हार्वेस्टर यंत्र आजारी पडतं, मालक गुरांचे डॉक्टर बोलावतो, डॉक्टर सुई टोचायला जागा शोधत यंत्राभोवती फिरत राहतात. शेवटी यंत्रच सांगतं की मला काही झालेलं नाही, मला घरी जायचंय, आणि माझं घर कुठे ते मला कुणी सांगितलेलं नाही. यात काय काय आहे ते समजावून सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. तुम्हीही पडला नाहीत. तुम्ही त्याला एवढंच विचारलंत की डॉक्टरांनी फी घेतली का.

चिठ्ठ्यांच्या दिवसाबद्दलही लिहितो, कारण ही रीत कुठल्याही वर्गात करता येईल. टोळी निघते तो दिवस, यावर सगळ्या वर्गाने मिळून एक मजकूर लिहायचा ठरला. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, हव्या तेवढ्या चिठ्ठ्या. मग सगळ्या चिठ्ठ्या वर्गाच्या फरशीवर मांडल्या. एकसारख्या असतील त्या एकत्र, दोनदा आलेली बाजूला, मग कुठली आधी आणि कुठली नंतर यावर वाद. पहाटे ट्रॅक्टर येतो तेव्हा आधी माणसं चढतात की सामान, यावर पाचवी आणि सहावीचं जोरात भांडण झालं, आणि ते भांडण मिटवायला मुलं घरी आजोबांना विचारून आली. एरवी न बोलणारी मुलंही चिठ्ठी सरकवायला पुढे आली. चहा घेताना तुम्ही आम्हाला सांगितलंत की इटलीत बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वस्तीवर डॉन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंच्या शाळेत शेतकऱ्यांची मुलं अशाच चिठ्ठ्या जुळवून लिहीत. परीक्षेत नापास करून शाळेबाहेर काढलेल्यांची बाजू मांडणारं, तिथल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला लिहिलेलं पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने निघालं आणि जगभर वाचलं गेलं. आपल्याकडे कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाबद्दल डी.एड.ला असताना वाचलं होतं. चांगलं काम दूर कुठेतरी चालतं, अशीच आमच्याकडे समजूत असते. ते आमच्या फरशीवर झालं.

आता व्हॉइस मेसेजबद्दल. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या कामातलं हे सगळ्यात मोठं. कार्यशाळेच्या पहिल्या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीने, आईने जाताना गाडीत काय काय भरलं त्याची यादी लिहिली होती. पत्र्याची पेटी, जर्मनची पातेली, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, ताडपत्री आणि बांबू, दोन पोती ज्वारी, तीन कोंबड्या पायाला बांधून. सगळ्यात शेवटी तवा. सकाळच्या भाकरी झाल्याबरोबर आईने तो गरम असतानाच फडक्यात गुंडाळून नेला, आणि बाजाराचा दिवस येईपर्यंत आजीने शेजारणीच्या तव्यावर भाकरी केल्या. तुम्ही तिला म्हणालात, हे आईला ऐकव की. आई लिहायला-वाचायला शिकलेली नाही, पण फोन आहे. तुमच्याबरोबरच्या दादांनी मुलीच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित करून पाठवलं. रात्री फडावरून आईचा उलट मेसेज आला, आणि तो मुलीने आम्हा सगळ्यांना ऐकवला. आई म्हणत होती की ज्वारी दोन पोती नव्हती, दीडच होती, अर्धं पोतं तुझ्यासाठी आणि आजीसाठी ठेवलंय, ते लिही. मुलीने कागद काढला, दोनचं दीड केलं आणि अर्ध्या पोत्याचं वाक्य घातलं.

त्यानंतर मुलांच्या लिहिण्याचा रंगच बदलला. वर्गातल्या मुलांना कळलं की लिहिलेलं कुणीतरी ऐकणार आहे, चूक काढणार आहे, उत्तर देणार आहे. निबंधाची वही तपासायला जाते आणि तिथेच संपते. हे संपत नव्हतं. कर्नाटकातल्या एका फडावर तर संध्याकाळी चार-पाच कोप्यांमधली माणसं एकत्र बसून आमच्या मुलांचं ऐकू लागली, असं एका बापाने फोनवर सांगितलं. दुसऱ्याच्या मुलाचं ऐकून त्यांनी स्वतःच्या मुलाला निरोप पाठवला की तूही लिही. शाळा सुटल्यावर मुलं माझ्या मोबाईलपाशी रांग लावायची.

शुद्धलेखनाची काळजी आमच्या काही शिक्षकांना सुरुवातीपासून होती, आणि ती चुकीची नव्हती. तुम्ही म्हणालात, थांबू या, हस्तलिखित करायच्या वेळी बघू. तसंच झालं. हस्तलिखिताच्या झेरॉक्स प्रती इतर शाळांत जाणार हे ठरल्यावर मुलं स्वतःहून विचारू लागली की ‘फळी’तली वेलांटी कुठली, ‘पोती’ आणि ‘पोथी’त फरक काय. बोलीतले संवाद तसेच ठेवले, बाकीचं प्रमाण लेखनात आणलं, आणि कुठे काय ठेवायचं हे लिहिणाऱ्याने ठरवलं. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला मला इतकी वर्षं जे निमित्त सापडत नव्हतं, ते हे.

बाकीच्या कितीतरी गोष्टी आहेत. एसटीने येणं, मुलांबरोबर वसतिगृहातली खिचडी खाणं, ‘किशोर’चे जुने अंक गोळा करून आणून देणं. बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते, पण आमच्या मुलांच्या हातात ते तुमच्यामुळे पडलं. आपल्यासारख्या मुलांचं लिहिलेलं छापलं जातं हे त्यांनी तिथे पाहिलं. झेरॉक्सचा खर्च तुम्ही केलात, आणि मुखपृष्ठावर संस्थेचं नाव नको म्हणालात. ते आम्ही आतल्या पानावर घातलंय. रागावू नका.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास आता लेखनाचे ठेवले आहेत. पेन्सिलचे प्रश्न आता आम्ही लिहितो. प्रश्न खरा असला पाहिजे, हे सोपं नाही. कधी कधी पूर्ण पान वाचूनही विचारावंसं काही सापडत नाही, मग ते पान मी दुसऱ्या शिक्षकांना देतो. शेजारच्या दोन शाळांनी चिठ्ठ्यांची रीत मागितली आहे. त्यांना काय सांगायचं ते तुमच्याकडून एकदा नीट लिहून घ्यायचं आहे.

हस्तलिखिताच्या दोन प्रती या पत्राबरोबर पाठवतो आहे. एक तुम्हाला, एक दादांना. मुलांची एक अट आहे, ती जशीच्या तशी कळवतो. तुम्ही सगळं वाचायचं आणि प्रत्येकाला एक प्रश्न लिहून पाठवायचा, फोनवर नको, पोस्टाने. पोस्टमन आमच्या गावात मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. पत्त्यावर शाळेचं नाव पुरेल, पण प्रत्येक पाकिटावर मुलाचं पूर्ण नाव हवं, वडिलांच्या आणि आईच्याही नावासकट. ती यादी शेवटच्या पानाला टाचली आहे.

तुमचा,
पाचवीचा वर्गशिक्षक
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. पाटोदा, जि. बीड