मागच्या उतारावरील बांधकामापूर्वी जमिनीची तपासणी करून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यकारिणी,
सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या सर्वसाधारण सभेत मागच्या उतारावर सभागृह आणि पार्किंग बांधण्याचा ठराव येणार आहे. सभागृह हवंच आहे, बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं आपण गेटजवळ मंडप टाकून उरकतो. पण जमिनीची रीतसर तपासणी होऊन अहवाल हातात येईपर्यंत हा ठराव मंजूर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गेल्या आठवड्यात ठेकेदाराने जेसीबीने खड्डा घेतला तेव्हा मी तिथेच होते. वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली पिवळट मुरूम, मग बकेट कशावर तरी घासली. "पाषाण लागला, आता चिंता नाही," म्हणून खोदकाम थांबलं. संध्याकाळी मी खड्ड्यात उतरून पाहिलं. तो पाषाण नव्हे, गोटा होता. त्याच्या कडेचा मुरूम बोटांनी सुटत होता. आपला बेसाल्ट, म्हणजे इथला काळा दगड, कुजताना त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, मधला गाभा तेवढा टणक राहतो. त्याच्याखाली पुन्हा मऊ मुरूम असू शकतो. जालना जिल्ह्यात आमच्या गावी विहीर खणताना वडिलांना असे गोटे लागले होते. पुढे मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ खडक, मग गेरूचा लाल पट्टा, आणि खरा पाषाण त्याखाली. पाणी त्या गेरूच्या डोक्यावरून पाझरायचं, आणि ओला गेरू पायाखाली साबणासारखा सरकायचा. आपल्या उतारात असा पट्टा आहे की नाही, हे एका खड्ड्यावरून कोण सांगणार?

म्हणून निदान तीन ठिकाणी, त्यातलं एक उताराच्या माथ्यावर, बोअर घेऊन सलग खडकात काही मीटर आत जावं आणि खडकाचे नमुने काढून ठेवावेत. मुरमात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून ठोके मोजतात, म्हणजे मुरूम किती घट्ट आहे ते कळतं, ती चाचणी व्हावी. काळ्या मातीची फुगण्याची चाचणी तर साधी आहे: चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, दुसरीत रॉकेलमध्ये, आणि चोवीस तासांनी फरक बघायचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही.

ही माती काय करते ते माझ्या घरात येऊन बघा. बी विंगच्या तळमजल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या भेगेत मे महिन्यात दहा रुपयांचं नाणं उभं राहतं, पोळ्याच्या सुमारास ती मिटते आणि मग मागचं दार अडकतं. तीन वेळा लांबी भरली, तिन्ही वेळा फुटली.

पाण्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. खड्डा आज कोरडा आहे, कारण मे महिना आहे. एका बोअरमध्ये जाळीचा पाइप सोडून मृगापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला पाण्याची पातळी मोजावी. मोजायला मी तयार आहे, टेप आणि वही एवढंच लागतं. उताराच्या स्थिरतेचं गणितही भिजलेल्या मातीवर करायला सांगावं. शिवाय आराखड्यात पावसाच्या पाण्याचा शोषखड्डा अगदी माथ्यावर दाखवलाय. म्हणजे खाली बांधकामासाठी उतार बारा फूट कापायचा आणि वरून पाणी मुरवायचं! तो शोषखड्डा दुसरीकडे हलवावाच लागेल. आधारभिंतीला पाणी बाहेर पडायची भोकं आणि मागे खडीचा थर हवा, नाहीतर तुंबलेलं पाणीच भिंत ढकलतं. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत पावसात मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. आपल्या उताराखालीही वॉचमनची खोली आहे. त्याची दोन लेकरं तिथेच झोपतात.

तपासणीचा खर्च सिंकिंग फंडातून न घेता वर्गणी काढायची ठरली, तर माझा हिस्सा आधी घ्या. पण ठेकेदारच आपल्या ओळखीचा माणूस आणणार असेल तर त्याला माझा विरोध राहील. तपासणारा सोसायटीने नेमावा आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावावा.

तोवर तो खड्डा बुजवू नका, सभासदांना बघू द्या. मात्र आजच त्यावर पत्रे टाकून भोवती दोरी बांधून घ्या, संध्याकाळी मुलं तिथेच क्रिकेट खेळतात.

आपली,
रहिवासी, बी विंग, तळमजला