अमेरिकेतल्या सव्हाना शहरातल्या त्या अनोळखी माणसांना

त्यांच्यापैकी कुणालाही मराठी येत नाही, तरी लिहिल्यावाचून राहवेना.

गेल्या शनिवारी फोर्साइथ पार्कातल्या बाजारातून निघून मी नदीकडे उतरत होते. रिव्हर स्ट्रीटचा तो दगडी उतार! जुन्या जहाजांनी तोल राखायला आणलेले दगड ते, एकाशेजारचा दुसरा सपाट नाही. तिथेच पिशवी फाटली आणि कांदे-लिंबं गडगडत सुटली. पायरीवर बसलेल्या आजोबांनी काठी आडवी धरून चार लिंबं अडवली. दोन शाळकरी मुली कांद्यांमागे धावल्या. एका बाईंनी आपली कापडी पिशवी रिकामी करून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "लागलं नाही ना, हनी?" त्या 'हनी'त आमच्याकडच्या 'बाळा'ची माया होती.

ओकच्या झाडांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा, म्हणजे 'स्पॅनिश मॉस', अननसाच्या कुळातल्या आहेत, हेही इथे एका चौकात बाकावर बसलेल्या अनोळखी काकांनीच मला सांगितलं होतं. १७३३ साली वसलेल्या या गावात असे २२ चौक उरलेत आणि दर चौकात बोलणारं कुणीतरी भेटतंच.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पिशवी धुऊन ठेवली आहे. निळी, कोपऱ्यात पेलिकन शिवलेला. दर शनिवारी बाजारात घेऊन येईन.