बीअर चाखताना बनवणाऱ्याने आधी गप्प बसावे

संपादक महोदय,

घरी बीअर बनवण्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुले) आणि यीस्टपाशी संपते. तयार बाटल्या चार जणांत उघडून चाखायच्या कशा, हा विषय बाजूलाच राहतो. आमच्या मते बनवणारा खरा सुधारतो तो तिथेच, कारण स्वतःच्या बीअरमधल्या दोषाला त्याची जीभ सरावलेली असते. हे अर्थातच कायद्याने घरी बीअर बनवायला परवानगी आहे तिथल्या मंडळींसाठी.

अशा बैठकीत सर्वांत जास्त नुकसान होते ते बनवणाऱ्याच्या बोलण्याने. ‘यात संत्र्याची साल घातली आहे’ असे त्याने सांगितले की सगळ्यांना संत्रे जाणवू लागते. म्हणून बाटली कागदात गुंडाळावी, फक्त बीअरचा प्रकार सांगावा आणि प्रत्येकाने आपले मत लिहून होईपर्यंत कोणी बोलू नये. एकाला ६० ते ८० मिलिलिटर पुरते. ग्लास एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वास वर साचायला जागा राहते. घोट घेण्याआधी वास घ्यावा. काही हलके वास पहिल्या मिनिटातच उडून जातात. बीजेसीपी या परीक्षक संस्थेची ५० गुणांची पद्धत घरगुती बैठकीलाही चालते: चव २०, वास १२, एकूण परिणाम १०, तोंडातला पोत ५ आणि रूप ३. रूपाला फक्त ३ गुण आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण बीअर गढूळ की नितळ यावरच निम्मी चर्चा खर्ची पडते.

क्रम हलक्याकडून जड, कमी कडूकडून जास्त कडू. आंबट आणि धुराच्या वासाच्या बीअर शेवटी. लागर (थंड तापमानाला आंबवलेली बीअर) ५ ते ७ अंश, एल (त्यापेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली) आणि स्टाउट (गडद, भाजक्या चवीची एल) १० ते १२ अंश सेल्सिअसला द्यावी, कारण अतिथंड बीअरमध्ये दोष लपतात. ग्लासवर साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो आणि दोष बिचाऱ्या बीअरवर येतो.

आता दोषांविषयी. ‘छान जमली आहे’ या शेऱ्याचा बनवणाऱ्याला काहीच उपयोग नाही. त्याला वासाचे नाव आणि शक्य असल्यास कारण हवे असते. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास म्हणजे डायॲसिटिल. अनेकदा बाटलीत भरताना तो वास नसतो आणि पंधरा दिवसांनी चाखायला बसल्यावर येतो. कारण भरताना बीअरमध्ये त्याचा पूर्वघटक शिल्लक असतो आणि तो सावकाश डायॲसिटिलमध्ये बदलतो. भरण्याआधी थोडी बीअर झाकलेल्या भांड्यात ६० अंशांच्या आसपास अर्धा तास गरम करावी, थंड करून हुंगावी. लोणी जाणवले तर यीस्टचे काम अजून बाकी आहे. लागर असेल तर तापमान १८ ते २० अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस थांबावे.

उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळताना झाकण ठेवले होते का, हे विचारावे. तो वास देणारे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) हे गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर निघून जायला हवे. झाकणावरून ते थेंबांनी परत भांड्यात पडते. पिल्सनर हे फिकट माल्ट असेल तर ९० मिनिटे उघडे उकळणे बरे. औषधी, बँडेजसारखा वास बहुधा पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो. क्लोरीन घालवणारी कॅम्पडेनची एक गोळी ७५ लिटर पाण्याला पुरते. भिजलेल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बीअर भरताना हवा लागली. हॉप्सचा भर असलेल्या बीअरला हे सर्वांत आधी भोवते, म्हणून ती ताजी असतानाच आणावी. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली बीअर उन्हातून आणली तर काही मिनिटांत तिला उग्र दुर्गंधी येते. तपकिरी काच वापरावी आणि तीही झाकून आणावी.

प्रत्येकाने एकाच बीअरच्या दोन बाटल्या आणाव्यात, असा आमचा आग्रह आहे. एकीतच दोष निघाला तर बहुधा ती बाटली नीट धुतली गेली नव्हती. दोन्हींत निघाला तर सगळा घाणा तपासायला हवा. बाटली आदल्या दिवसापासून थंड जागी उभी ठेवावी, एकाच दमात सगळे ग्लास भरावेत आणि तळाचा गाळ बाटलीतच सोडावा. मध्येच बाटली सरळ केली की गाळ उठतो आणि शेवटच्या माणसाला वेगळीच बीअर मिळते.

बाटली उघडताच बीअर उसळून बाहेर आली तर ते हसण्यावारी नेऊ नये, कारण त्याच घाण्यातली दुसरी बाटली कुणाच्या हातात फुटू शकते. उसळलेल्या बीअरमधला वायू पूर्ण काढून हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारे साधन, लावावा. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून भरताना जी साखर घालतात, ती घालण्याआधी नोंदवलेल्या आकड्यापेक्षा आताचा आकडा बराच उतरला असेल, तर किण्वन (आंबणे) अपुरे असताना भरली किंवा जंगली यीस्ट शिरले. आकडा जवळपास तोच असेल, तर साखर जास्त झाली किंवा नीट मिसळली नाही. लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम साखर बहुतेक एल प्रकारांना पुरते. ती पाण्यात उकळून सगळ्या बीअरमध्ये हलक्या हाताने ढवळावी. त्याआधी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्या अगदी सारख्या यायला हव्यात. संशयित बाटल्या जाड कापडात गुंडाळून थंड कराव्यात आणि मगच, तोंड दूर धरून, उघडाव्यात.

बाटलीवर भरल्याची तारीख, सुरुवातीची व शेवटची घनता आणि अल्कोहोलचे प्रमाण लिहावे. दोन्ही घनतांमधल्या फरकाला १३१ ने गुणले की ते अंदाजे मिळते: १.०५० आणि १.०१० असतील तर साधारण ५.२ टक्के. गहू, दुधातली साखर किंवा सुकामेवा घातला असेल तर ते मात्र गुपित ठेवू नये, कारण कुणाला ते सोसत नसेल. चाखण्याआधीच सर्वांना सांगावे. आणि वाहन चालवणाऱ्याने त्या दिवशी चाखू नये, फक्त वास घेऊन मत लिहावे. त्याचे मत पुष्कळदा इतरांपेक्षा नेमके येते.

आपले,
घरी बीअर बनवणारे काही वाचक