फँटम टू मॉडेलच्या चेसिसला गेलेले तडे: तक्रार पत्र

कोल्हापूर
दिनांक: 14 ऑगस्ट 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: रोल्स-रॉईस फँटम टू कॉन्टिनेंटल (1:18) या मॉडेलमधील ओतकामाचा दोष व आपण दिलेले असमाधानकारक उत्तर

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी 3 नोव्हेंबर 2023 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, वरील डायकास्ट मॉडेल, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली मूळ गाडीच्या अठराव्या हिश्शाएवढी प्रतिकृती, 14,800 रुपयांना विकत घेतले. यंदा जूनमध्ये त्याच्या चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेल्याचे माझ्या लक्षात आले आणि 30 जून रोजी मी छायाचित्रांसह आपल्याकडे तक्रार नोंदवली. तिची पोच आठ दिवसांनी मिळाली आणि 24 जुलैच्या उत्तरात ‘आपल्या भागातील दमट हवामान व अयोग्य साठवणूक’ असे कारण देऊन भरपाई नाकारण्यात आली. हे उत्तर मला मान्य नाही.

प्रथम दोष नेमका काय आहे ते सांगतो. गाडी उलटी धरली असता डाव्या मागच्या चाकाजवळ, फूटबोर्डाच्या आतल्या बाजूने, केसाएवढी बारीक चीर दिसते. ती सरळ नसून कोरड्या पडलेल्या तळ्यातल्या चिखलासारखी फाटे फुटत गेलेली आहे. त्याच ठिकाणी रंगाला फोड आले असून नख लावताच कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा निघतो, आणि खाली राखाडी, ठिसूळ धातू दिसतो. उजवा दरवाजा पूर्वी हलक्या ‘टक्’ आवाजाने बसत असे. आता तो एका कोपऱ्यात अडतो. मूळ गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर 144 इंच, म्हणजे सुमारे 3,658 मिलिमीटर. त्याला 18 ने भागले की 203.2 मिलिमीटर येतात. मॉडेल आले त्याच दिवशी मी व्हर्निअरने (सूक्ष्म अंतर मोजण्याच्या उपकरणाने) दोन्ही बाजू मोजून वहीत 203.2 अशी नोंद केली होती आणि आपल्या कारागिरीचे मनापासून कौतुकही केले होते. आज उजवी बाजू 203.3 भरते आणि डावी 204.6. चेसिसची एक बाजू दीड मिलिमीटरच्या आसपास लांबली आहे. आदळून किंवा पडून धातू वाकतो, मोडतो; तो जागच्या जागी फुगत नाही.

मी अठ्ठावीस वर्षे शिरोलीच्या एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात होतो. आमचे काम लोखंडाच्या ओतकामाचे होते, जस्ताचे नव्हे, हे प्रांजळपणे सांगतो. तरीही कास्टिंग आतून बिघडल्याची लक्षणे ओळखायला धातू बदलल्याने फारशी अडचण येत नाही. अशी मॉडेल ज्या मिश्रधातूची ओततात त्यात जस्ताबरोबर साधारण 4 टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम असते. या मिश्रणात शिसे 0.005 टक्क्यापेक्षा, म्हणजे लाखात पाच भागांपेक्षा, जास्त चालत नाही. स्वस्तातला भंगार माल भट्टीत गेला आणि शिसे किंवा कथील वाढले, की धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरत जातो, ओतकाम फुगते, तडकते आणि शेवटी हातात भुगा येतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी ब्रिटिश खेळण्यातली मोटारगाड्या याच कारणाने नष्ट झाल्या. संग्राहक याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात, म्हणजे जस्ताची कीड. माझ्या तक्रारीत हा शब्द वाचून आपल्या प्रतिनिधीने मला ‘मॉडेलवर कोणतीही पेस्ट लावू नये, त्याने रंग खराब होतो’ असे कळवले. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही, परंतु तक्रार ज्या विषयाची आहे त्याची किमान ओळख असलेल्या व्यक्तीने ती वाचावी, एवढीच अपेक्षा आहे.

आता दमटपणाविषयी. ओलाव्यामुळे ही कीड लवकर पसरते, हे मी नाकारत नाही. मात्र शुद्ध मिश्रधातूत ती केवळ पावसाळी हवेने उपजत नाही. माझे कपाट बंद काचेचे आहे, प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पिशव्या आहेत आणि आतील आर्द्रतामापकाचा काटा ऐन जुलैतही पन्नास टक्क्यांच्या वर क्वचित जातो. त्याच खणात याच गाडीच्या दोन्ही बाजूंना एक मर्सिडीज-बेंझ 540के आणि एक ड्यूसेनबर्ग अनुक्रमे बारा व नऊ वर्षे उभ्या आहेत. दोन्ही डायकास्टच आहेत आणि दोन्हींवर ओरखडासुद्धा नाही. कोल्हापूरच्या हवामानामुळे हा दोष येत असेल, तर त्याने तीन शेजाऱ्यांपैकी एकाच गाडीची निवड का करावी, याचा खुलासा आपल्या उत्तरात आढळला नाही. (ही कीड एका गाडीची दुसरीला लागत नाही हे ठाऊक असूनही फँटम मी आता दुसऱ्या खोलीत हलवली आहे. संग्राहकाच्या मनाला शास्त्र सगळेच पटते असे नाही.)

एक लहान तक्रारही नोंदवतो, जी मी यापूर्वी सौजन्य म्हणून केली नव्हती. आपल्या पेटीवर आणि प्रमाणपत्रावर ‘1930’ असे वर्ष छापले आहे, पण रेडिएटरवरील ‘आरआर’ ही अक्षरे काळी आहेत. ती 1933 पर्यंत लाल होती. सर हेन्री रॉईस त्याच वर्षी निवर्तल्यामुळे दुखवटा म्हणून अक्षरे काळी केली, ही लोकप्रिय कथा खरी नसली तरी वर्ष मात्र तेच आहे. जे मॉडेल ‘तपशिलांत अचूक’ म्हणून विकले जाते, त्यात हा तपशील चुकू नये.

माझा हा छंद दसरा चौकात सुरू झाला. सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी येताना वडिलांच्या खांद्यावरून पाहिली, तेव्हापासून त्या काळातल्या लांब बॉनेटच्या गाड्या मनात राहिल्या. खरी गाडी घेणे आमच्यासारख्याच्या आवाक्यातले नाही, म्हणून हातभर लांबीच्याही आतली अशी गाडी पगारातून आणि आता निवृत्तिवेतनातून जमवत आलो. त्यामुळे 14,800 रुपये ही माझ्यासाठी किरकोळ रक्कम नाही.

माझी मागणी अशी आहे की आपण मॉडेल स्वखर्चाने परत न्यावे आणि पूर्ण किंमत परत करावी. त्याच लॉटमधील बदली मॉडेल मला नको, कारण त्यातही हाच धातू असण्याची शक्यता आहे; चिकटवून दुरुस्त करून देण्याचा प्रस्तावही कृपया देऊ नये, कारण या दोषावर दुरुस्ती नाही. माझे मॉडेल 1,000 पैकी 412 क्रमांकाचे आहे. उरलेल्या ग्राहकांनाही या लॉटबाबत कळवावे आणि परत आलेल्या नगाची धातुपरीक्षा करून तिचा अहवाल मला पाठवावा. परीक्षेत शिसे मर्यादेत आढळले, तर वाहतुकीचा खर्च मी देईन.

ई-कॉमर्सविषयीच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. पहिली मुदत आपण पाळली नाही. दुसरी या पत्राच्या तारखेपासून मोजली, तर 14 सप्टेंबरला संपते. तोवर समाधानकारक उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. खरेदीची पावती, दोन्ही वेळच्या मोजमापांच्या नोंदींच्या प्रती आणि तड्यांची नऊ छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सुटलेला रंगाचा पापुद्रा मी छोट्या डबीत जपून ठेवला असून परीक्षेसाठी हवा असल्यास तोही मॉडेलसोबत पाठवता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
(स्वाक्षरी)