काट्याची केबल आणि आपला मुका गट

राळेगाव, जि. यवतमाळ
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी तू फोनवर म्हणालास की, आपला दुरुस्तीवाल्यांचा व्हॉट्सॲप गट आता मोडीत काढावा, कारण त्यात सकाळच्या फुलांच्या चित्रांशिवाय आणि सणावारांच्या शुभेच्छांशिवाय काही उरलेले नाही. त्या वेळी दुकानात तीन गिऱ्हाइके उभी होती, म्हणून मी नुसते "बघू" म्हणून फोन ठेवला. त्याच रात्री एका जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) धर्मकाट्यावर, म्हणजे गाडीसकट वजन करणाऱ्या मोठ्या काट्यावर, मला जे निस्तरावे लागले, त्यानंतर मात्र तुला सविस्तर उत्तर देणे भाग झाले आहे. आज बाजार बंद आहे आणि एवढे सगळे अंगठ्याने टाइप करण्याची माझी तयारी नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

हंगाम ऐन भरात आहे. सीतादहीची पूजा आटोपून कापसाचा वेचा सुरू झाला की जिनिंगच्या फाटकाबाहेर बैलबंड्यांची आणि छोट्या हत्तींची (छोट्या टेम्पोंची) कशी रांग लागते, ते तू लहानपणापासून पाहिलेले आहेस. मी सांगतो त्या जिनिंगमधला जुना संगणक दिवाळीपर्यंत बिनतक्रार चालत होता. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपला, कोणीतरी मुनीमजींच्या मनात धास्ती भरली, आणि जुन्या यंत्राचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असल्यामुळे व त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ काही त्याच्यावर रीतसर चढेना. मग नवा संगणक आला. तो दिसायला देखणा आहे आणि झटकन सुरू होतो. फक्त त्याच्या पाठीला नऊ पिनांचे सिरीअल पोर्ट नाही, आणि धर्मकाट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या पेटीला, तर त्या पोर्टाच्या, १९६० पासून चालत आलेल्या आरएस-२३२ शिवाय दुसरी भाषा येत नाही.

अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच मी केले. यवतमाळहून आणलेली, निळ्या पारदर्शक प्लास्टिकची, अडीचशे रुपयांची यूएसबी-टू-सिरीअल केबल पिशवीत होती, ती लावली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजमधल्या यादीत, इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण उमटला आणि पोर्टच्या नावाच्या जागी चक्क एक सूचना आली, जिचा अर्थ असा की ही चिप २०१२ पासून बंद केलेली असून आपण आपल्या पुरवठादाराशी संपर्क साधावा. माझा पुरवठादार म्हणजे ज्याने ती केबल खोक्यातून मूठभर काढून मला दिली तो दुकानदार. केबलच्या पोटात कोणती चिप आहे हे त्याला कुठून ठाऊक असणार?

काटा स्वतः ठणठणीत होता. इंडिकेटरवर लाल आकड्यांत भरतीचे वजन दिसत होते, पण ते संगणकात उतरत नव्हते, म्हणून मुनीमजी आकडा पाहून हाताने पावती लिहू लागले. इथेच कुरबुर सुरू झाली. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, म्हणजे नुसत्या दहा किलोंची चूक ८११ रुपयांना पडते. तेव्हा कुणाच्या हाताने लिहिलेल्या आकड्यावर शेतकऱ्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करता येत नाही. एक म्हातारे बाबा पाऊण तास थंडीत कांबळे पांघरून उभे होते. ते खिडकीशी येऊन मला म्हणाले, "बाबू, काटा बिघडला का तुहं ते डबडं?" मी म्हणालो, डबडं. ते म्हणाले, "मंग ठीक हाय," आणि पुन्हा बंडीपाशी जाऊन बसले.

आता मुख्य गोष्ट. तुला फोन लावला, तो बंद. मग मी आपल्या गटात "सिरीअल केबल" असे शोधले, तर नोव्हेंबर २०२३ मधला एक संदेश सापडला. हुबेहूब हाच प्रश्न, पिवळ्या त्रिकोणाच्या छायाचित्रासह, आणि विचारणारा मीच! त्याच्याखाली दोन दिवसांनी माझेच वाक्य होते : "झाले. सर्वांचे आभार." काय झाले, कसे झाले, याचा एक शब्दही नाही. उत्तर तू मला फोनवर सांगितले होतेस, मी ते केले, पैसे घेतले आणि विसरलो. त्या रात्री दहा वाजता, धर्मकाट्याच्या पत्र्याच्या खोलीत, मला स्वतःचाच जितका राग आला तितका आजवर कुठल्या दुकानदाराचाही आला नव्हता.

शेवटी जुन्या पेनड्राइव्हवर २००८ मधला ३.३.२.१०५ क्रमांकाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप वापरायला शिकवणारा प्रोग्रॅम, सापडला. तो टाकून, आपोआप शोधण्याऐवजी यादीतून हाताने तोच निवडला, तेव्हा त्रिकोण गेला. केबलच्या तोंडातल्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडून टर्मिनलमध्ये अक्षरे टाइप केली, ती जशीच्या तशी परत आली, म्हणजे केबल जिवंत होती. तरीही वजन येईना. विंडोजने पोर्टला कॉम ९ हा क्रमांक दिला होता, आणि पावतीचे सॉफ्टवेअर इतके जुने की त्याला कॉम ४ च्या पुढे मोजता येत नाही. तो क्रमांक बदलून ३ केला, तर पडद्यावर आकड्यांऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हे येऊ लागली. इंडिकेटर २४०० च्या वेगाने बोलत होता आणि सॉफ्टवेअर ९६०० च्या वेगाने ऐकत होते. तेही जुळवले, आणि पडद्यावर २८४० हा आकडा उमटला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. बाबांची बंडी तोवर हातपावतीवरच रिकामी होऊन गेली होती.

ही अडचण का येते, हे तुला मी सांगणे म्हणजे हिंगणघाटच्या माणसाला सरकी दाखवण्यासारखे आहे, तरी माझा मुद्दा त्यावरच उभा असल्यामुळे सांगतो. मूळ कंपनीच्या चिपची नक्कल होते, नकलेवाले तिचाच ड्रायव्हर फुकट वापरतात, आणि मग कंपनी नव्या ड्रायव्हरमध्ये अशी मेख मारून ठेवते की नक्कल चालू नये. त्या मेखेत खरोखर जुनी, अस्सल चिपही अडकते. २०१४ च्या ऑक्टोबरमधला एफटीडीआय या अशाच चिपा बनवणाऱ्या कंपनीचा प्रकार तुला आठवत असेल. ग्लासगोच्या त्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून गेला. केबल दुसऱ्या संगणकाला लावली तरी ओळखली जाईना. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. नक्कल करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, पण त्या मारामारीत डोके फुटले ते ज्याने दुकानातून पैसे मोजून केबल घेतली त्याचे.

म्हणून "कंपनीचाच माल घ्या" हा उपदेश मला पटत नाही. आपल्या भागात दुसऱ्या कंपनीच्या मालावाचून एक दिवस काम चालणार नाही. तिप्पट किमतीची मूळ वस्तू इथला गिऱ्हाईक घेत नाही आणि घ्यायची म्हटली तरी ती नागपूरहून मागवावी लागते. तो माल वाईट असतो असेही नाही. नानजिंगच्या कंपनीची सीएच३४० चिप असलेल्या केबली मी किती काट्यांना आणि किती शाळांना लावून दिल्या असतील, त्यांतली एकही परत आलेली नाही. अडचण एवढीच की कोणती वस्तू कशाशी जुळते हे पाकिटावर लिहिलेले नसते. तेच निळे प्लास्टिक, तेच पाकीट, आणि आत या खेपेला एक चिप तर पुढच्या खेपेला दुसरी. ते कळते फक्त लावून पाहणाऱ्याला, आणि त्याने सांगितले तरच दुसऱ्याला.

तो सांगत नाही म्हणून काय होते ते ऐक. आपल्या गटातल्या आर्वीकडच्या एकाने एका लॅपटॉपला १.५ व्होल्टची डीडीआर३ रॅम बसवली. त्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टचीच लागते. खाच सारखी असल्यामुळे ती बसते मात्र सुरेख. पडदा काळा राहिला, त्याने मदरबोर्ड गेला असे सांगून यंत्र परत केले, आणि गिऱ्हाईक कायमचे तुटले. पंधरा दिवसांनी वणीच्या एकाने अगदी तेच केले. हे दोघे एकाच गटात आहेत, आणि या दोन्ही हकिकती मला कळल्या त्या तुळशीच्या लग्नानंतरच्या एका लग्नाच्या पंगतीत, शेजारी बसलेल्या तिसऱ्याच माणसाकडून.

गट मुका का झाला, याची तू दिलेली कारणे मला अर्धीच मान्य आहेत. लोक व्हिडिओ पाहतात, कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात, हे खरे. पण पाकिटात कोणती चिप निघाली हे त्यांना कोण सांगणार? खरे कारण मला असे दिसते की एका गावात आता चार-चार दुकाने झाली, आणि कोणती केबल चालते हे ठाऊक असणे हीच कमाई होऊन बसली, म्हणून प्रत्येक जण हातचे राखून वागतो. दुसरे कारण बोलायला कडू आहे, पण तुझ्याशी बोलू नको तर कोणाशी? घाटंजीच्या त्या पोराने प्रिंटरच्या चिपबद्दल विचारले होते, तेव्हा तू त्याला "आधी शोधायला शिक, मग विचार" असे चारचौघांत सुनावले होतेस. तो त्यानंतर गटात एक अक्षर बोललेला नाही. आणि त्याने शोधले असते तरी त्याला काय सापडले असते? माझे "झाले. सर्वांचे आभार."

गुरुवारी रात्री मी सगळी हकिकत गटात टाकली. केबलचे छायाचित्र, ड्रायव्हरचा क्रमांक, कॉम पोर्टची आणि वेगाची भानगड, सारे काही. खाली चार अंगठे आले आणि एक "शुभ रात्री"चे गुलाबाचे फूल. तू हसशील. पण त्याच रात्री तिघांनी मला खासगीत विचारले, आणि त्यांतला एक म्हणाला की त्याच्याकडे अशा सहा केबली दोन वर्षांपासून निकामी म्हणून डब्यात पडल्या आहेत. त्याला मी म्हटले की उत्तर देतो, पण प्रश्न गटात विचार. अजून विचारलेला नाही. मी वाट पाहतो आहे, आणि तोवर गट बंद करायला माझी संमती नाही.

तुझ्याकडे दोन कामे आहेत. तू इथे असताना निळ्या रजिस्टरमध्ये कोणत्या प्रिंटरला कोणती काडतुसे चालली, बोटांचे ठसे घेणारे कोणते यंत्र कुठल्या विंडोजवर अडले, असे सगळे टिपून ठेवायचास. ते रद्दीत दिले नसशील तर त्याच्या पानांची छायाचित्रे पाठव, खाडाखोड असली तरी चालेल; मी ती एकेक करून गटात टाकीन. आणि संक्रांतीला येशील तेव्हा नागपूरच्या सीताबर्डीतून सीएच३४० च्या चार केबली आण. पैसे देण्याआधी दुकानदाराच्या संगणकाला लावून हार्डवेअर आयडी पाहा. १ए८६ आणि ७५२३ हे त्या चिपचे क्रमांक दिसले तरच घे. रस्त्यापलीकडच्या जिनिंगचा इंडिकेटर पंचवीस पिनांचा आहे, म्हणून एक नऊ-ते-पंचवीसचा जोडही लागेल. आणि घाटंजीच्या पोराला एक फोन कर, नंबर त्याचा तोच आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईने तुझ्यासाठी बोरकूट करून ठेवले आहे.

तुझा मित्र