आजीविषयी तू मागितलेले पान

गास, वसई

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

आजी गेल्याला महिना होतो त्या दिवशीच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, डब्लिनच्या तुमच्या चर्चमध्ये वाचता यावे म्हणून तू तिच्याविषयी पानभर मजकूर मागितलास, तो लिहायला बसलो आहे. तू हॉस्पिटलच्या रात्रपाळीत चक्कर येऊन पडलीस हे मला तुझ्याऐवजी तुझ्या मावशीकडून कळले, आणि त्यावरून फोनवर आपले जे बोलणे झाले ते पत्रात पुन्हा उकरून काढायचे नाही, असे तुझ्या आईने मला बजावले आहे. म्हणून आजीविषयीच लिहितो.

ती या घरात सून म्हणून आली तेव्हा वाडीत रहाट होता आणि बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याचे, पाणी केळींना व पानवेलींना जात असे. आजोबा गेले तेव्हा मी आठवीत होतो आणि तुझा दुबईचा काका चौथीत. शेतीचे कर्ज, दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेली सासू एवढे सगळे तिच्या एकटीच्या अंगावर आले. भावांनी वाडी खंडाने द्यायला सांगितले, तिने दिली नाही. पहाटे तीन वाजता कंदील घेऊन ती जास्वंदीच्या कळ्या खुडायला जाई, कारण उमललेल्या जास्वंदीला बाजारात कोणी विचारत नाही. कंदील धरायचे काम माझ्याकडे असे. ती दोन बोटांत देठ धरून कळी अशी वळवून काढी की फांदी हलतसुद्धा नसे. मग केळीच्या पानावर कळ्यांचे थर लावून, वर ओले फडके टाकून, लाल लुगड्याचा काष्टा खोचून ती पाटी डोक्यावर घेई आणि नालासोपाऱ्याहून पहिली गाडी धरून दादरच्या फुलबाजारात पोचे. आपल्या वाडीतली जास्वंद गणपतीच्या पायांशी जाते, याचे तिला फार कौतुक होते. गणेशोत्सवात भाव चढले की ती दलालाशी तासभर हुज्जत घाली. फुले देवाची आहेत, पण दलाल देवाचा नव्हे, असे तिचे म्हणणे होते.

संध्याकाळी माळेची प्रार्थना (रोझरी) चुकली असे कधी झाले नाही. लहानपणी तिने मिस्सेची उत्तरे लॅटिनमध्ये पाठ केली होती, अर्थ एकाही शब्दाचा ठाऊक नसताना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली तेव्हा तिला आनंद झाला, तरी लॅटिन ती शेवटपर्यंत विसरली नाही. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी माळेत प्रकाशाची रहस्ये, म्हणजे येशूच्या जीवनातल्या आणखी काही प्रसंगांवरचे चिंतन, घातली आणि ती गुरुवारी म्हणावीत असे ठरले, हे तुला आठवत असेल, कारण त्यावरून घरात महिनाभर वाद झाला होता. आजी गुरुवारी पूर्वीसारखी आनंदाचीच रहस्ये म्हणत राहिली. फादरांनी समजावले तेव्हा तिने मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा आनंदाचीच सुरू केली. वाचता येत नसल्यामुळे ‘सुवार्ता’ मासिक तूच तिला वाचून दाखवायचीस आणि कंटाळा आला की मधली पाने गाळायचीस. तिला ते कळत असे, पण तिने कधी तसे दाखवले नाही.

वसईची शेती आणि पाणी वाचवण्यासाठी झालेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसईच्या आंदोलनात ती मोर्च्याला गेली होती, तीही बाजार करून आल्यावर, रिकामी पाटी तशीच काखेत घेऊन. टँकरवाल्याने आपल्या विहिरीच्या पाण्यासाठी पैसे पुढे केले तेव्हा तिने त्याला चहा दिला आणि वाटेला लावले. हे जरूर वाच. तिथल्या लोकांना बावखल म्हणजे काय ते आधी सांगावे लागेल.

आता पायाचे. हे मी लिहिणार नव्हतो, पण तिचे आयुष्य लिहायचे आणि हे गाळायचे हे मला जमत नाही. त्या वर्षी केळी वाळवून सुकेळी करायचे दिवस होते आणि ती नेहमीप्रमाणे वाडीत अनवाणी फिरत होती. अंगठ्यात काटा मोडला, जखम चिघळली, आणि हंगाम संपेपर्यंत तिने ती लुगड्याखाली झाकून ठेवली. विचारले की ‘दुखत नाही’ म्हणायची, आणि ते खोटेही नव्हते, कारण साखरेने पायांची संवेदनाच गेली होती. तू तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होतीस. पट्टी सोडून तू म्हणालीस, ‘आजी, दुखत नाही हेच वाईट लक्षण आहे.’ अंगठा काढावा लागला, आणि त्यानंतर तिच्या पायाला तुझ्याशिवाय कोणी हात लावलेला तिला चालत नसे.

फोनवर तू सतत ‘मी ठीक आहे’ म्हणतेस तेव्हा मला तो अंगठा दिसतो. आजीला साखर होती, मला आहे. बारा बारा तास उभे राहायचे, मध्ये चहा-बिस्किटांवर भागवायचे, कोणी सुट्टी घेतली की त्याचीही पाळी आपणच करायची, आणि घरी येऊन कपडे न बदलता झोपायचे, हे किती दिवस चालणार? छपरासाठी तू पैसे पाठवलेस, ते छप्पर या पावसात गळले नाही, आजीने शेवटचा पावसाळा कोरड्या खोलीत काढला, हे मी विसरणार नाही. परंतु आता घराला काही नको आहे. पाळ्या कमी कर. नर्सला मधुमेह शिकवायला निघालो आहे हे मला कळते, आणि आईला दिलेला शब्दही मोडला. क्षमा कर.

तू त्या दिवशी म्हणालीस, ‘आजीने कष्ट केले त्याचे तुम्ही जन्मभर कौतुक केलेत, मी केले की तुम्हाला भीती वाटते.’ याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही. तिच्या कष्टांवर मी शिकलो, म्हणून कदाचित ते मला सुंदर दिसतात.

तुझा गणवेशातला फोटो तिने मासळीवालीपासून नव्या फादरांपर्यंत सगळ्यांना दाखवला होता. तू निघालीस त्या वेळचे तिचे बोलणे तुला कोणी सांगितले नसेल. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईत जन्मले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले, हे ती दर सणाला प्रवचनात ऐकत आली होती. तुझे विमान गेल्यावर ती म्हणाली, ‘त्यांच्या आईचे पुढे काय झाले, ते कोणी फादर सांगत नाही.’ एवढे बोलून ती केळींना पाणी सोडायला गेली.

यातले हवे तेवढे घे. पायाचे तिथे वाचू नकोस. शेजारच्या मुलाबरोबर सुकेळी पाठवत आहे. आजीने स्वतः वाळवलेली शेवटचीच आहेत, म्हणून सगळी वॉर्डात वाटून टाकू नकोस, आणि एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचा, आकडा मला कळवल्याशिवाय स्वतःही खाऊ नकोस.

तुझा,
पप्पा