नंदूला पत्र, २२ पॉइंटात

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री दहा

प्रिय नंदू,

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचा पत्ता सूनबाईंच्या अक्षरात आणि आतल्या ओळी तुझ्या. पहिली सरळ, दुसरी खाली उतरलेली, तिसरी दुसरीवर चढलेली. "डोळ्यात तिसरं इंजेक्शन झालं, पण मधला डाग तसाच आहे. शब्दाकडे बघावं तर तोच शब्द दिसत नाही, शेजारचे दिसतात. माझं वाचन संपलं. मुलगा म्हणतो फोनवर पुस्तकं घालून देतो, ऐका. पण ऐकणं म्हणजे काही वाचन नव्हे, बाळू."

ते शेवटचं वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र हाताने न लिहिता २२ पॉइंटात, म्हणजे चांगल्या मोठ्या अक्षरात, ठळक टाइपात, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून काढलंय. पानं वाढतील, तिकिटं जास्त लागतील, लागू देत. जमेल तेवढं तू वाच, डोळे दमले की सूनबाईंच्या हातात दे.

तू लिहिलंस तेच मी पंधरा वर्षं म्हणत आलो, तेही तुझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. एकोणिसाव्या वर्षी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो, पुढे डीटीपीवर, म्हणजे संगणकावर पानं जुळवायला बसलो. सगळं आयुष्य कागदाच्या वासात गेलं. फर्मा, म्हणजे छापलेला मोठा कागद, घडी करून आला की सोळा पानं बरोबर एकामागून एक लागलीत ना, हे बघताना आजही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. मला वाटायचं, पुस्तक म्हणजे हे. बाकी सगळं नाइलाजाचं. माझं हे मत आमच्या वाचक मंडळाच्या कार्यक्रमांनी बदललं, आणि बदललं ते एका चुकीमुळे. ती चूक तुला सांगायलाच हवी.

तुला माहीत आहे, आम्ही दोन महिन्यांतून एकदा लेखकाला वाचकांच्या भेटीला बोलावतो. एका शाळेचा हॉल मिळतो, साठ-सत्तर खुर्च्या. लेखक स्वतः काही पानं वाचतो, मग तासभर प्रश्न, मग सह्या आणि चहा. ऑगस्टात एक कादंबरीकार बाई आल्या होत्या. निवेदन माझ्याकडे होतं. दाराशी प्रकाशकांचं टेबल, वीस टक्के सवलत. त्यांचा येण्याजाण्याचा खर्च तरी निघावा म्हणून मी माइकवरून सांगून टाकलं, "सही फक्त आज इथे पुस्तक विकत घेणाऱ्यांनाच मिळेल." रांगेतून तीन माणसं बाजूला झाली आणि मुकाट्याने जिन्याकडे निघाली.

त्या तिघांतल्या एका बाईंनी अर्ध्या तासापूर्वी त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न विचारला होता. कादंबरीतली नायिका नवरा गेल्यावर भावाच्या घरी परत येते, तिथली पहिली रात्र. या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ती झोपायच्या आधी दार नुसतं लोटते, कडी लावत नाही. असं का?" लेखिका क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या घरात कडी लावायचा हक्क आपल्याला आहे, असं तिला अजून वाटत नाही." हॉलमध्ये एकदम शांत झालं. नंदू, ते पान मी दोनदा वाचलं होतं. घरी येऊन उघडून बघितलं, 'दार लोटून ती आडवी झाली', एवढंच आहे. माझी नजर त्यावरून दोन्ही वेळा घसरली होती.

मी त्यांच्या मागे जिना उतरलो आणि माफी मागितली. फाटकाशी उभ्या उभ्या गप्पा झाल्या. त्या पोळी-भाजी केंद्र चालवतात. पहाटे साडेचारला कणीक, सहापासून पोळ्या, रोज दोनशेच्या वर. कादंबरी त्यांनी ऐकली होती, तीही तीनदा. "हात अडकलेले असतात, कान मोकळे असतात," म्हणाल्या. "वाचणारी ताई त्या वाक्यानंतर थोडी थांबते. म्हणून माझ्या लक्षात राहिलं." सहीसाठी त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं, पिशवीत डब्यांच्या हिशेबाची वही होती. मी त्यांना वर घेऊन गेलो. लेखिकेने त्या वहीच्या पहिल्या पानावर सही केली, खाली लिहिलं, 'दाराची कडी बघणाऱ्या वाचकाला.' वाचकाला, नंदू. श्रोत्याला नव्हे.

डोळा पुढे पळतो. आपण चांगलं वाचतो असं ज्यांना वाटतं त्यांचा तर जास्तच पळतो. ऐकणाऱ्याला शब्द गाळता येत नाही, जो येईल तो कानातून आत घ्यावाच लागतो. हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा शिरलं.

दुसरा होता ऐरोलीच्या एका आयटी कंपनीतला मुलगा. सगळं ई-रीडरवर वाचतो. मी जरा तुटकपणेच विचारलं, कागद का नाही? तो म्हणाला, "काका, चार वर्षांत तीन घरं बदलली. अकरा महिन्यांचा करार संपला की टेम्पो बोलवायचा. पहिल्या वेळी पुस्तकांची सात खोकी होती, दुसऱ्या वेळी पाच वाटून टाकली." वाटून टाकली हे सांगताना त्याचा आवाज उतरला. मला वाटत होतं या पोरांना पुस्तकाची माया नाही. त्याने ते यंत्र माझ्या हातात दिलं. फोनसारखा उजेड डोळ्यांत घुसत नाही, आत काळ्या-पांढऱ्या कणांची शाई असते, ती पानावर बसल्यासारखी दिसते. अक्षर लहानमोठं करता येतं. मी करत करत इतकं मोठं केलं की पानावर सहा ओळी राहिल्या.

तिसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांच्या हातात ग्रंथालयाची प्रत होती, आणि ग्रंथालयाच्या पुस्तकावर सही कशी घेणार? पेन्शनीत दर महिन्याला नवी पुस्तकं घेणं जमत नाही. पण पुस्तक कागदाचंच हवं, कारण त्यांना मजकूर जागेने आठवतो. "ते वाक्य डाव्या पानावर, खालून चौथ्या-पाचव्या ओळीत होतं," असं म्हणतात आणि खरंच तिथे सापडतं. ई-पुस्तकात ती जागाच नसते, अक्षर मोठं केलं की मजकूर पुढे सरकतो. आमच्या चर्चेत हाच घोटाळा व्हायचा. कुणी म्हणे 'पान ८६ काढा', कागदवाल्यांचं निघायचं, बाकीचे शोधत बसायचे. आता आम्ही पान सांगतच नाही. प्रकरण सांगतो आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द. ऐकणाऱ्यांनाही ते चालतं.

आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय आठवतं ना? १८९३ सालचं, वि. ल. भावे यांनी सुरू केलेलं. पुस्तकाच्या मागच्या पट्टीवर जांभळ्या शिक्क्यांच्या तारखा, आणि आपण दोघे एकाच पुस्तकासाठी टपलेले. ती पट्टी बघून माझ्याआधी हे किती जणांनी नेलं ते मोजायची मला सवय होती. ई-पुस्तकात मला सगळ्यात जास्त उणीव भासते ती तिची. आणि शिलाईची. सेक्शन शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडं पसरून राहतं, नुसतं गोंदाने चिकटवलेलं अंग चोरतं आणि दोन पावसाळ्यांत पानं सोडतं. मी स्वतः कागदच घेत राहणार, हे तुला प्रामाणिकपणे सांगतो. पण माझे डोळे शाबूत आहेत म्हणून मला ते परवडतं.

मुलाने तुला एखादं जुनं पुस्तक पडद्यावर उघडून दिलं आणि फोनने वाचताना अगम्य काहीतरी बडबडलं, तर ते तंत्र कुचकामी आहे असं समजू नकोस. त्यात आमच्या धंद्याचा हात आहे. नव्वदीपासून आम्ही मराठी पुस्तकं ज्या फॉन्टांत जुळवली, त्यात अक्षर फक्त दिसायला मराठी. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वर मराठी चेहरा चढवलेला. छापायला ते पुरेसं होतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे कोणतंही यंत्र ते ओळखतं. जुनी फाइल तिकडे नेताना पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात. 'कीर्ती'चं काय काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. एकेक ओळ माणसाने तपासावी लागते. म्हणून कितीतरी पुस्तकांचे नुसते फोटो काढून ठेवलेत. दिसायला पान, यंत्राला चित्र, आणि चित्रातली अक्षरं आधी ओळखून घेतल्याशिवाय ती वाचून दाखवता येत नाहीत. हल्ली मी दुपारचे दोन तास हेच काम करतो, जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणून वेलांट्या नीट लावायचं. ज्या हाताने जुळवलं त्याच हाताने दुरुस्त करतोय, समाधान आहे.

आणखी एक, तुझ्या हक्काचं. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक ब्रेलमध्ये किंवा आवाजात आणायला २०१२ पासून आपल्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. याच कामासाठी मराकेशचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्यता दिली ती भारताने. 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून त्यासाठीच आहे. डॉक्टरांचा दाखला लागेल. मुलाला सांग, चौकशी करायला. लाजू नकोस.

आता तुझ्या मूळ वाक्याकडे येतो. तुझी आजी. अक्षरओळख नव्हती, पण श्रावणी सोमवारी आजोबा शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायचे आणि त्यांची ओवी चुकली की ती स्वयंपाकघरातून दुरुस्त करायची. आपण दोघे उंबऱ्यावर प्रसादाची वाट बघत बसलेलो. त्या घरात तो अध्याय कुणाचा होता, नंदू, पोथी धरणाऱ्याचा की तिचा? शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरले, माणसं तास तास बसून ऐकत. त्यांना कुणी म्हटलं का, की तुमच्यापर्यंत साहित्य पोचलं नाही? आणि हे पत्र सूनबाई तुला वाचून दाखवत असतील, तरी तू मला 'पत्र ऐकलं' असं थोडंच लिहिणार आहेस?

ऐकण्यात सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. कवितेची ओळ कुठे तुटते ते कळत नाही. वाचणारा रडवा सूर लावतो तेव्हा चांगलं वाक्यही नासतं. डोळा लागला की पुस्तक पुढे निघून जातं. पण तू सुरुवात नव्या पुस्तकाने करू नकोस. पूर्वी वाचलेलं, आवडीचं घे, म्हणजे आवाजाची सवय होईपर्यंत गोष्ट हातातून सुटणार नाही. वेग थोडा कमी ठेव. रात्री आपोआप बंद व्हायची वेळ लावता येते, ती मुलाकडून लावून घे. अडीचशे पानांच्या पुस्तकाला नऊ-दहा तास लागतात, म्हणजे तुझ्या सकाळच्या फेऱ्यांचे दोन आठवडे. आणि बातमीपुरता, पत्रापुरता तो मोठ्या अक्षराचा ई-रीडरही बघ. डाग मधे असला तरी मोठं अक्षर त्याच्या कडेने डोकावतं, हे तूच मागे म्हणाला होतास.

आज संध्याकाळी पुन्हा कार्यक्रम होता, त्याच लेखिका, कादंबरीच्या पुढच्या भागासाठी. या वेळी मी छापखान्यातून जाड आर्ट कार्डाचे कटिंगमधले तुकडे आणले, दोन इंच बाय सहा इंच कापून वाचनखुणा केल्या. पुस्तक कागदावर असो, यंत्रात असो, कानात असो, वाचनखुणेवर सही सगळ्यांना. पुस्तकं विकली गेली ती गेल्या वेळेपेक्षा कमी नाहीत, प्रकाशकांच्या माणसानेच सांगितलं. पोळीवाल्या बाई आल्या होत्या, शेजारणीला घेऊन. ऐरोलीचा मुलगा आला होता, त्याने यावेळी कागदी प्रत घेतली, आईसाठी.

सगळे गेल्यावर लेखिकेला तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी माझ्याकडचा काळा मार्कर मागून घेतला. सोबतची वाचनखूण तुझी आहे. तुझं नाव आणि खाली त्यांची सही, अक्षर पाऊण इंच उंच, मी पट्टीने मोजलंय. खिडकीशी उजेडात धर आणि थोडी तिरकी बघ.

दोन महिन्यांनी, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक कथाकार येताहेत. आदल्या शनिवारी मांडवी एक्सप्रेसने निघ, दादरपर्यंत जाऊ नकोस, ठाण्यालाच उतर. गाडी रात्री पोचते, फलाटावर मी असेन, डबा नंबर फक्त कळव. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची तुझ्यासाठी ठेवतो, तिथे आवाज सगळ्यात स्वच्छ येतो.

सूनबाईंना, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू